मकबूलवस्तादांची तालीम

मकबूलवस्ताद कुणालाही भेटले की रामराम-सलाम व्हायच्या आधी त्याचा दंड दाबून बघत. समोर कोण आहे याचा मुलाहिजा नाही. भूमला नवे तहसीलदार आले, त्यांचा दाबला. एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरतोय तोवर त्याचा दाबला आणि मांडवात सगळ्यांदेखत नवरीच्या बापाला सांगितलं, "हाड चांगलं हाय. मांस आळशी हाय." नवरीचा बाप कसनुसा हसला. माझा दंड त्यांनी पहिल्यांदा दाबला तो एसटीच्या थांब्यावर. मी तेव्हा मोटारीच्या टपावर सामान चढवायचं काम करत होतो. ज्वारीचं पोतं खांद्यावर, आणि या बाबानं मागून येऊन दंड धरलेला.

"कुणाचा रं तू?"

"धनगराचा. नामदेव."

"दूध पितोस का विकतोस?"

"विकतो."

"उद्यापासून पी. आन् संध्याकाळी तालमीत ये." एवढं बोलून ते चालायला लागले. पोतं अजून माझ्या खांद्यावरच होतं.

आता हे वाचून कुणाला वाटेल, मी वस्तादांची आरती करायला बसलोय. तसं काही नाही. माणूस हट्टी होता, फुशारकी मारण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि त्याच्या हट्टापायी मला जे भोगावं लागलं ते माझं मला ठाऊक. पण या गावानं त्यांचं जे केलं ते बघितल्यावर त्यांच्या फुशारक्यांचा राग मला टिकवताच आला नाही. राग धरायला त्यांच्यापेक्षा लायक माणसं गावात बरीच होती.

अंगानं बुटके, पण रुंद. कान कुस्तीत मोडलेले, डोळ्यांत सुरमा, मिशीला तेल. तालीम म्हणजे नदीकडच्या अंगाला दगडमातीची एक लांबट खोली. आत शिरलं की पुढच्या अर्ध्या भागात शहाबादी फरशी, मागच्या अर्ध्यात कुस्तीचा तांबड्या मातीचा हौदा. दाराकडच्या भिंतीत दोन कोनाडे. एकात शेंदूर फासलेला मारुती, दुसऱ्यात हिरव्या रंगानं लिहिलेलं अलीचं नाव. उदबत्ती एकच, आधी इकडं ओवाळायची, मग तिकडं खोचायची. दुसऱ्या दिवशी उलटं. यावरून तालमीत कधी कुणाचं भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडणं झाली ती तालमीबाहेरच्या लोकांची.

बाजूच्या भिंतीवर पिठाच्या खळीनं चिकटवलेले फोटो होते. मासिकांतून कापलेले, परदेशी. कुणी इराणी लाकडाचे मुद्गल खांद्यावर घेऊन उभा, कुणी तुर्की तेलानं माखलेला, कुणी मिसरचा म्हणजे इजिप्तचा, कुणी रशियाचा, कुणी अमेरिकेतला, अंगावर लंगोटीएवढंच कापड आणि छाती अशी फुगवलेली की बघणाऱ्याला दम लागावा. बहुतेकांनी दोन्ही हात वर करून वजन डोक्यावर धरलेलं. वस्ताद संध्याकाळी या भिंतीपुढं उभे राहून आम्हाला जगाची सैर करवत.

"हे बघ, ईराण. तिथं जोरखाना आसतो. ढोल वाजतो, अलीचं नाव घेतात आन् मुद्गल फिरवतात. आत जाताना दार इतकं बुटकं की बादशानंबी वाकूनच जायचं. हे मिसर. तिथं वजन उचलणाऱ्याला लोक गाडीत घालून गावभर मिरवतात. हे रूस. कारखान्यातला मजूर सुट्टी झाली की घरी जात न्हाय, लोखंड उचलाय जातो, आन् सरकार त्याला अंडी देतं. आन् ही अमेरिका. इथं लोक समिंदराच्या काठाला उघडे उभे राहतात आन् बाया-माणसं तिकीट काढून बघाय येतात."

"नुसतं बघाय?" आमच्यातला कुणीतरी विचारी.

"नुसतं बघाय! आन् आपल्या भूमला? हितं अंग कमावलं की लोक म्हणतात, भाकरी जास्त खातो हरामखोर."

यातलं खरं किती, खोटं किती, आम्हाला काय कळणार? वस्ताद स्वतः हैदराबादच्या पुढं गेलेले नव्हते. निजामाच्या फौजेत ते शिपाई होते. एका मोठ्या अंमलदाराच्या बंगल्यावर पहारा द्यायचं काम. त्या अंमलदाराला परदेशी मासिकांचा षोक. रद्दीत टाकायच्या आधी वस्ताद ती मागून घेत आणि फोटो कापत. बंगल्याच्या मागं अंमलदाराचा वजनं उचलायचा लोखंडी बार होता, तो वस्तादांनी लांबून बघितला होता. हात कधी लावला नाही, लावायची परवानगी नव्हती. म्हणजे आमच्या वस्तादांची सगळी विद्या फोटोंवरून आलेली. ही गोष्ट मला फार उशिरा उमजली.

पोलीस ॲक्शन झाली आणि फौज मोडली. वस्ताद ट्रंकेत फोटो घालून भूमला परत आले. ते पगारी शिपाई होते, रझाकारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. उलट रझाकारांच्या धुमाकुळात सुट्टीवर आलेले असताना बाजारपेठेतल्या दोन हिंदू घरांतल्या बायकापोरांना त्यांनी आपल्या घरात ठेवून घेतलं होतं, हे त्या घरांना चांगलं माहीत होतं. पण गावाची जीभ मोठी विचित्र. पाण्याच्या पाळीवरून, बकरीवरून, कशावरूनही वाद निघाला आणि समोरच्याकडं बोलायला काही उरलं नाही की तो म्हणे, "जा रे रझाकारा!" वस्ताद वाद तिथंच टाकून चालू लागत.

मला एकदा म्हणाले, "नाम्या, एक डाव भूमचं नाव पेपरात यावं. ह्या तालमीचा पोरगा जिंकला म्हणून. खाली बारीक अक्षरात वस्ताद मकबूल. मग बघू कोण काय म्हणतंय."

त्यासाठी आधी बार पाहिजे. विकतचा आणायची ऐपत नव्हती. वस्तादांनी एक लांब पहार पैदा केली आणि वजनाला जाती गोळा केली. गावात तेव्हा पिठाची गिरणी नुकतीच आलेली, बायकांची जाती कोपऱ्यात पडून. जात्याच्या वरच्या दगडाला मधोमध भोक असतं, ते पहारीत ओवायचं आणि दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. वस्ताद घरोघर जाऊन जाती मागायचे. काशीकाकू म्हणाली, "माझ्या सासूचं हाय ते. नेताय तर न्या, पण फुटलं तर माझ्याशी गाठ हाय." खातूनबी म्हणाली, "उस्ताद, तोडना नक्को. अम्मा की निशानी है." त्यामुळं आमच्या तालमीत वजन शेर-पौंडात मोजलंच नाही. ते बायांच्या नावानं मोजायचं. कुणी विचारलं, कुठवर मजल गेली रं, तर आम्ही सांगायचो, "खातूनबीपर्यंत आलोय, औंदा काशीकाकू उचलणार." चावडीवर यावरून जे हसं व्हायचं ते सांगायला नको. काशीकाकूच्या नवऱ्यानं एकदा तालमीच्या दारात येऊन मला शिव्या घातल्या होत्या.

आणि पुढं मला जे भोगावं लागलं त्याचं मूळ इथंच आहे. जात्याचा दगड फरशीवर टाकला की फुटणार. फुटला की काशीकाकू वस्तादांना जगू देणार नाही. म्हणून वस्तादांनी रीत घालून दिली. हौद्याकडं पाठ करून फरशीच्या कडेला उभं राहायचं, तोंड कोनाड्यांकडं. वजन डोक्यावर न्यायचं, हात ताठ झाले की ज्याला जे नाव घ्यायचं ते घ्यायचं, आणि एक पाऊल पुढं टाकत वजन मागं हौद्यातल्या मऊ मातीत सोडून द्यायचं. धप्प आवाज झाला की वस्ताद ओरडत, "शाब्बास रे वाघा!" आमच्याकडं जत्रेतले पैलवानही गोल गोटा खांद्यावर घेतात तो मागंच टाकतात, तेव्हा आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. वस्तादांनी वर त्याला धर्माची जोड दिली. "पुढं टाकायचं न्हाय. पुढं मारुती हाय आन् अली हाय. त्यांच्या पायावर वजन टाकतोस व्हय?" एका नव्या पोरानं चुकून पुढं टाकलं, तर त्याच्या कानफटात बसली होती. वजन खाली कसं ठेवायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. त्याची गरज काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

वस्तादांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. ती बाई मात्र या सगळ्याला विटलेली. "इस घर में पत्थरां कू तेल लगता, सालन कू नै," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पण मी गेलो की वाटीभर दूध पुढं करायची, आणि मी ते पिईपर्यंत उभी राहायची. "पी रे. तेरे पीछे पागल हुए वो. तू गिरा तो वो बी गिरे."

जागा नगरपालिकेची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. वर्षानुवर्षं कुणाला तिची आठवण झाली नाही. मग सहकारी सोसायट्यांचे दिवस आले, गोदामं हवीशी वाटायला लागली, आणि नदीकडची जागा एकदम सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. नगरपालिकेच्या अध्यक्षांनी वस्तादांना बोलावून घेतलं. मी सोबत होतो. अध्यक्ष गोड बोलणारा माणूस. खादीचे कपडे, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. म्हणाले, "वस्ताद, तालीम जावी असं मला वाटतंय का? पण लोक विचारतात, या तालमीनं गावाला दिलं काय? उस्मानाबादला आता वजन उचलायच्या जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. आणा पहिला नंबर. तालीम तुमच्या नावावर करून देतो. चार लोकांसमोर माझा शब्द आहे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वस्ताद, यांच्या शब्दाचं काय खरं?"

वस्ताद थांबले. "मर्दाची जबान हाय ती. तू शंका काढू नको. तू वजन काढ."

मग त्यांनी मला जे पिळलं! पहाटे नदीतल्या वाळूत पळायचं, मग जोर, मग बैठका, दुपारी एसटीवर सामान चढवून आलो की पुन्हा पहार. काशीकाकूचं जातं पेललं, त्यावर आणखी दोन घरची जाती चढली. घरातली एकुलती एक शेळी वस्तादांनी माझ्या दुधासाठी तालमीत आणून बांधली. ताप आला तर चाचीनं घोंगडी पांघरली आणि वस्ताद उशाशी बसून रूसच्या गोष्टी सांगत राहिले. माझ्या बापानं माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. बापाला मेंढरंच इतकी होती, की मी त्यातला एक असलो काय, नसलो काय, सारखंच.

स्पर्धा उस्मानाबादला एका शाळेच्या पटांगणात होती. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. वस्तादांनी ट्रंकेतली शेरवानी काढून घातली होती. तिला वाळ्याचा वास येत होता आणि ती पोटावर बसत नव्हती. पटांगणात लाकडी फळ्यांचा चौथरा केलेला. त्यावर खरा बार. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. गुळगुळीत, पकडीला बारीक, दोन्ही टोकांना काळ्या लोखंडी थाळ्या. वस्तादांनी जवळ जाऊन त्याच्यावरून हात फिरवला. दोन्ही हातांनी फिरवला. एका स्वयंसेवकानं हटकलं तेव्हा मागं झाले.

उचल एकच होती. जमिनीवरून छातीवर, छातीवरून डोक्यावर. प्रत्येकाला तीन संधी. लातूरकडचा कॉलेजातला एक पोरगा सोडला तर माझ्या पुढं टिकणारं कुणी नव्हतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. त्या पोरानं जेवढं उचललं त्याच्यापेक्षा जास्त वजन मी माझ्या पहिल्याच संधीला लावायला सांगितलं, आणि ते वर गेलं. अगदी सरळ गेलं. हात ताठ झाले. लोकांनी आरोळी ठोकली. मी "बजरंगबली की जय!" म्हणालो, एक पाऊल पुढं टाकलं आणि वजन मागं सोडून दिलं.

मागं हौदा नव्हता. फळ्यांची कडा फुटली, बार चौथऱ्यावरून खाली पाहुण्यांच्या खुर्च्यांकडं गडगडत गेला, बायका किंचाळल्या, कुणाचा तरी पाण्याचा तांब्या उडाला. मग पटांगणभर हशा. मुख्य पंचानं हात आडवा केला. "बाद."

वस्ताद धावत चौथऱ्यावर आले. "बाद कसं? वर गेलं का न्हाय? साहेब, तुम्ही सांगा, वर गेलं का न्हाय?"

पंच पुण्याकडचे कुणी होते. माणूस सज्जन होता, आवाज चढवला नाही. म्हणाले, "वर गेलं, वस्ताद. छानच गेलं. पण मी 'खाली' म्हणेपर्यंत ते स्थिर धरायचं आणि मग पुढं नीट खाली ठेवायचं. तो नियमच आहे. सगळीकडं हाच नियम आहे."

"सगळीकडं?" वस्तादांनी विचारलं.

"जगभर," पंच म्हणाले.

दुसऱ्या संधीला मी वजन वर नेलं आणि धरलं. पंच "खाली" म्हणाले. मी मनाला बजावलं होतं, पुढं, पुढं. पण हात माझं ऐकेनात. इतक्या वर्षांची सवय, खांदे आपोआप मागं गेले, बार मागं गेला. या वेळी खुर्च्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या, म्हणून कुणाला लागलं नाही. लोक हसून हसून लोळत होते. कुणी ओरडलं, "भूमची रीतच उलटी!"

तिसऱ्या संधीआधी वस्ताद माझ्याजवळ आले. तोंड पांढरं पडलेलं. पुढं टाकलं म्हणून पोराच्या कानफटात मारणारा माणूस, तो मला म्हणाला, "पुढं ठेव बाळा. हळू ठेव." मला बाळा त्यांनी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मी बारला हात घातला आणि माझ्या डोक्यात फक्त ठेवायचंच चाललं होतं. कसं ठेवू, कुठं ठेवू, हात मागं गेले तर काय. उचलायचं राहूनच गेलं. वजन छातीवर आलं आणि तिथंच बसलं. गुडघे टेकले. स्वयंसेवकांनी माझ्या अंगावरून बार काढला.

माझ्यापेक्षा हलकं वजन उचललेला तो पोरगा पहिला आला. हार घालून त्याचा फोटो काढला. हात वर करायला लावून.

परतीच्या गाडीत वस्ताद खिडकीशी बसले होते. मग एकदम म्हणाले, "नाम्या, मिसरवाले बी खालीच ठेवत आसतील का रं?"

"ठेवत असतील, वस्ताद. पंच म्हणाले ना, जगभर."

"फोटोत तर सगळे वर धरूनच उभे होते. खाली ठेवताना एकाचाबी फोटो न्हाय." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "मी कसा बघणार? एकाचाबी न्हाय."

माझा संताप संताप झाला होता. वाटलं, ओरडून विचारावं, अहो, माहीत नव्हतं तर शिकवलं कशाला? कानफटात कशाला मारल्या? पण शेरवानीची बटणं पोटावर तुटायला आलेली, आणि त्या बटणांवर त्यांचे हात नुसते पडलेले.

भूमला उतरलो तेव्हा सूर्य मावळत होता. निकाल घेऊन येणारे आम्हीच. तार करणारं आमच्यात कोण होतं? गावात कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. वस्ताद म्हणाले, "तालमीत दिवा लावून मग घरी जाऊ." नदीकडं वळलो तर तालमीच्या दारात विटा. चांगला मोठा ढीग. शेजारी चुना मळायची घाणी मांडलेली. आत एक गडी भिंतीवर पाणी मारून फोटो खरवडत होता. त्याचा हात पोचेल तिथवरचे गेले होते, वरच्या रांगेतले उठलेले हात आणि वजनं तेवढी भिंतीवर राहिली होती. कोनाड्यांना मात्र त्यानं हात लावला नव्हता. पापभीरू असावा.

गवंडी ओळखीचा होता. वस्तादांना बघून चपापला. मी विचारलं, "हे कधी आलं?"

"सकाळी. तुमची गाडी गेली आन् उतरवल्या."

"कुणी सांगितलं?"

"अध्यक्षांनी. परवाच सांगून ठेवलं होतं, वस्ताद उस्मानाबादला गेले की उतरवा, उगं तोंडावर वाद नको म्हणून." मग म्हणाला, "तुमाला ठाव न्हवतं व्हय?"

वस्ताद विटांच्या ढिगावर बसले. आणि हसले. मला वाटलं, डोकं फिरलं. त्यांनी मला जवळ ओढलं. "नाम्या, आरं तू हरला न्हाईस! तू तिथं आख्खा डोंगर उचलून पुढं ठेवला आसतास तरी ह्या विटा पडल्याच आसत्या. तुझ्यामुळं गेली न्हाय तालीम. कळलं का? उतरलं का आता डोक्यावरून?"

"उतरलं," मी म्हटलं.

कसलं उतरतंय! उलट मला वाटलं, माझ्या चुकीनं गेली असती तर बरं झालं असतं. स्वतःला शिव्या दिल्या असत्या, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिलो असतो. इथं तर आम्हाला नुसतं गावाबाहेर काढायचं होतं, दिवसभरासाठी. त्यासाठी शब्द दिला, मर्दाची जबान दिली, शेळी बांधायला लावली, शेरवानी घालायला लावली.

मी पहार काढून घेतली. दगडांतून मोकळी केली आणि अध्यक्षांच्या घराकडं निघालो. वस्तादांनी मागून मनगट धरलं. त्या वयातही पकड अशी होती की हलता येईना.

"कुठं निघालास?"

"डोकं फोडतो त्याचं."

"फोड. उद्या गाव काय म्हणंल? नामदेव धनगरानं फोडलं? न्हाय. रझाकारानं पोरगा पाठवला, म्हणतील. तुझं नाव कोण घेतंय? माझंच घेतील. आन् चाचीला ह्याच गावात पाण्याला जायचं हाय."

ते खरंच होतं. शब्दन् शब्द खरा होता. मी पहार ठेवली. पुढं, नीट, खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद गाडीत जाती घालून ज्याची त्याला परत द्यायला निघाले. सगळ्या बायांनी ती घेतली नाहीत. म्हणाल्या, आता गिरणी आहे, ठेवू कुठं? काशीकाकूनं मात्र सासूचं जातं उतरवून घेतलं, त्यावरून पदरानं माती पुसली आणि म्हणाली, "वस्ताद, एक टवकाबी उडाला न्हाय की हो." वस्ताद खाली बघून उभे राहिले.

त्यांनी भूम सोडलं. ढोकीला साखर कारखान्यावर राखणदाराची नोकरी मिळाली. मी तोवर एसटीत कंडक्टर झालो होतो, त्या बाजूला फेरी लागली की उतरायचो. माणूस वाळत चालला होता. उसाच्या गाड्यांविषयी बोलायचे, मळीच्या वासाविषयी बोलायचे, माझ्या पोरांची नावं विचारायचे. तालमीचा विषय मी काढायचो नाही, ते तर नाहीच नाही. चाची एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बालटी बी नै उठाते. बोलते, उठा तो लूंगा, नीचे रखने कू नै आता मेरे कू." आणि तोंडात पदर घालून रडायला लागली.

असेच एका हिवाळ्यात तापानं गेले. ढोकीलाच माती दिली. भूमहून तिघं-चौघं आलो होतो.

त्यानंतर भूमला शोकसभा झाली. हो, शोकसभा! आणि कुठं, तर नदीकडं तालमीच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामाच्या वर बांधलेल्या दिवाणखान्यात. सतरंज्या, हार, उदबत्ती, सगळं. फोटो मात्र कुणाकडं नव्हता, म्हणून पाटावर नुसतं नाव लिहून त्याला हार घातला होता. जन्मभर त्यांना ज्यांनी रझाकार म्हटलं त्यांनीच पुढं बसून माना डोलावल्या. अध्यक्ष बोलायला उठले. वय झालं होतं, गोडवा तसाच. "मकबूलवस्ताद म्हणजे भूमचं भूषण. हिंदू-मुसलमान ऐक्याचं प्रतीक. आज मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. मी वस्तादांना शब्द दिला होता. त्या दिवशी उस्मानाबादला त्यांच्या शिष्यानं तेवढा नियम पाळला असता, तर ही तालीम आज इथं उभी असती. पण जे झालं ते झालं."

मी उठून उभा राहिलो. अंगावर कंडक्टरचा खाकी डगला होता, तसाच आलो होतो.

"अध्यक्षसाहेब, विटा कधी उतरवल्या?"

"कुठल्या विटा, नामदेवराव?"

"ह्या. तुम्ही ज्या भिंतीला टेकून बोलताय त्या. आम्ही हरायच्या आधी उतरवल्या का नंतर? तेवढंच सांगा आणि मग वस्तादांना फुलं वाहा."

समोर बसलेल्यांत गवंडी होता, त्यानं मान खाली घातली. त्या हौद्यात माझ्यासोबत लोळलेले, त्याच जात्यांखाली दंड कमावलेले दहाजण तरी होते. कुणीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. खूप वेळ बघितली.

अध्यक्षांनी उपरणं सारखं केलं. "नामदेवराव भावनेच्या भरात आहेत. साहजिक आहे, गुरू होते त्यांचे." मग दाराकडं बघून म्हणाले, "चहा आणा रे. सगळ्यांनी घेऊन जायचं हं."

कपबश्या आल्या. सतरंजीवर पुन्हा कुजबुज सुरू झाली, कुणी पावसाचं काढलं, कुणी बाजारभावाचं. तालमीतल्या माझ्या जुन्या जोडीदारानं कप माझ्यापुढं धरला आणि हलकेच म्हणाला, "घे गड्या, गार होईल."

मी घेतला नाही. बाकीच्यांनी गरम असतानाच पिऊन टाकला.